पाळत, जाहिरात आणि आपली शिस्त

मुलाच्या आजारपणासाठी एखाद्या कामगार कुटुंबाने मोबाईलवर कर्जाची चौकशी करावी आणि दुसऱ्याच दिवसापासून 'तात्काळ कर्ज, कागदपत्रांची गरज नाही' अशा जाहिरातींनी त्याचा पडदा भरून जावा, हा योगायोग नव्हे. त्या कुटुंबाची अडचण टिपली गेली, तिचे वर्गीकरण झाले आणि ती विकली गेली. समाजमाध्यमांच्या 'फुकट' सेवेचे खरे स्वरूप हेच आहे.

माणूस काय वाचतो, कोठे थबकतो, कोणत्या वेळी कोणत्या गावी असतो, याची नोंद अहोरात्र चालू असते. पान उघडण्याच्या निमिषमात्रात त्याच्या लक्षाचा लिलाव पुकारला जातो. २०२३ साली मेटा कंपनीचे उत्पन्न सुमारे १३,५०० कोटी डॉलर होते. त्यातील ९७ टक्क्यांहून अधिक वाटा जाहिरातींचा होता. जाहिरात स्वतः मूल्य निर्माण करीत नाही. श्रमिकांनी निर्माण केलेले वरकड मूल्य बाजारात वसूल करण्याचा तो खर्च आहे. मक्तेदारीची स्पर्धा जितकी तीव्र, तितका हा खर्च मोठा आणि तितकीच माणसाच्या खाजगी जीवनावरील पाळतही अधिक बारीक!

जे तंत्र साबण विकते, तेच मतही विकत घेऊ पाहते. केंब्रिज ॲनालिटिका या कंपनीने फेसबुकच्या सुमारे ८ कोटी ७० लाख वापरकर्त्यांची माहिती राजकीय प्रचारासाठी गैरमार्गाने मिळवल्याचे २०१८ साली उघडकीस आले. पुढील वर्षी अमेरिकेत फेसबुकला ५०० कोटी डॉलरचा दंड झाला. परंतु धंद्याचा पाया जागचा हलला नाही.

हा प्रश्न केवळ परदेशी कंपन्यांचा आहे, असे समजण्याचे कारण नाही. २०२० साली फेसबुकने ४३,५७४ कोटी आणि गुगलने ३३,७३७ कोटी रुपये जिओ प्लॅटफॉर्म्समध्ये गुंतवले. देशी व विदेशी मक्तेदार भांडवलाची हातमिळवणी याहून स्पष्ट ती कोणती?

या हातमिळवणीला शासनाने लगाम घातला आहे काय? सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी खाजगीपणा हा मूलभूत अधिकार असल्याचा निर्वाळा दिला. त्यानंतर सहा वर्षांनी, २०२३ साली, व्यक्तिगत माहिती संरक्षणाचा कायदा संमत झाला. मुलांवर नेम धरून जाहिराती करण्यास त्याने बंदी घातली, हे योग्यच झाले. परंतु सुरक्षा व सुव्यवस्थेच्या नावाखाली सरकारी यंत्रणांना सूट देण्याची मुभा केंद्र सरकारने स्वतःकडे राखली आणि त्याच कायद्याने माहिती अधिकारातील अपवादही रुंदावला. नागरिक शासनासमोर पारदर्शक आणि शासन नागरिकासमोर अपारदर्शक, असा हा उलटा न्याय आहे.

म्हणून मोबाईल फेकून द्यावा काय? मुळीच नाही. यंत्र आणि यंत्राचा भांडवली वापर यांतील भेद कामगारवर्ग फार पूर्वीच शिकला आहे. संपाची हाक क्षणार्धात दूरवर पोचवणारे हे साधन सोडून देणे म्हणजे मैदान शत्रूच्या हाती देणे होय. मात्र ते वापरताना शिस्त हवी, आणि येथे आत्मपरीक्षण अटळ ठरते.

१ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे, भिक्षा मागत फिरणाऱ्या नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच जणांना जमावाने ठेचून मारले. मुले पळवणारी टोळी आल्याची अफवा व्हॉट्सॲपवरून पसरली होती. साधन कंपनीचे होते. पण संदेश पुढे ढकलणारे हात सामान्य माणसांचे होते. खातरजमा न करता मजकूर पुढे पाठवण्याच्या सवयीतून पक्षसभासद पूर्णतः मुक्त आहेत, असे छातीवर हात ठेवून म्हणता येईल काय?

द्वारसभेचे छायाचित्र उत्साहाच्या भरात प्रसृत होते. त्यातील कंत्राटी कामगाराचा चेहरा मालकाला ओळखू येतो आणि त्याची रोजी जाते. सभासदांची यादी गटावर टाकली जाते आणि कुणाकुणाच्या हाती पडते. शाखेत मांडावयाचा मतभेद चव्हाट्यावर येतो. विरोधकाला उत्तर देताना युक्तिवादाची जागा शिवी घेते. त्या शिवीत जात किंवा स्त्रीत्व यांचा उपमर्द असेल, तर विरोधकाचेच विचार आपल्या मुखातून बोलू लागतात. हे केवळ शिष्टाचाराचे प्रश्न नव्हेत. वर्गीय जबाबदारीचे आहेत.

माहिती गोळा करण्यावर कडक मर्यादा, पाळतीवर आधारलेल्या जाहिरातींना बंदी, सरकारी यंत्रणांची सूट रद्द आणि माहिती अधिकाराची पुनःस्थापना, या मागण्या जनसंघटनांनी कामगार वस्त्यांतून व महाविद्यालयांतून उचलून धरल्या पाहिजेत. त्याचबरोबर प्रत्येक शाखेने आपल्या सभासदांच्या या वर्तनाचा आढावा घेतला पाहिजे. ज्याच्या शब्दावर वस्तीने विश्वास ठेवावा, त्याने तो शब्द तपासूनच उच्चारावा. लोकांचा हा विश्वास कोणत्याही लिलावात विकत मिळत नाही. तो गमावण्यास मात्र एक खोटा संदेश पुरतो.