आंबट जेल? नको गं बाई!

मागच्या वर्षी स्कूटीवरून पडले आणि पुढचा एक दात गेला. इम्प्लांट बसवलं. दोन महिन्यांचा पगार तोंडात गेला म्हणा ना! परवा चेकअपला गेले, तर दोन दाढा किडायला लागलेल्या. असिस्टंट फ्लोराइड जेलचा ट्रे घेऊन आली, तेवढ्यात डॉक्टर ओरडल्या, "अगं थांब, हिला इम्प्लांट आहे. ते आंबट जेल नको, न्यूट्रल काढ."

आता हे काय नवीन? टायटॅनियम तर गंजत नाही ना?

गंजत नाही, कारण हवा लागताच त्याच्यावर ऑक्साइडचा थर बसतो. जाडी जेमतेम काही नॅनोमीटर. ओरखडा पडला तरी क्षणात पुन्हा तयार. स्वीडनच्या ब्रोनेमार्क यांनी 1965मध्ये पहिल्या पेशंटला टायटॅनियमचे स्क्रू बसवले, तेव्हापासून सगळा भरवसा या थरावरच.

फ्लोराइड एकटं असेल, तर या थराचं फारसं काही बिघडत नाही. पण सोबत ॲसिड आलं की तयार होतं हायड्रोफ्लोरिक ॲसिड. काचेवर नक्षी कोरतात ना, तेच! ते हा थर विरघळवतं. मग धातू खडबडीत होतो, त्यावर बॅक्टेरिया मजेत मुक्काम ठोकतात आणि हिरडी सुजायला लागते. दिसतो तो दात सिरॅमिकचा असला, तरी हिरडीपाशी धातूचा जोड असतोच.

म्हणून आज रात्रीपासून टूथपेस्ट बंद? अजिबात नाही! आपल्याकडे पेस्टमध्ये फ्लोराइड जास्तीत जास्त 1000 पीपीएम, आणि पेस्ट सहसा आंबट नसते. क्लिनिकमधल्या त्या एपीएफ जेलमध्ये मात्र 12,300 पीपीएम, वर पीएच साडेतीनच्या आसपास. अर्थात, हे बहुतेक प्रयोग लॅबमधले आहेत. एका ट्रेने स्क्रू गळून पडत नाही. पण न्यूट्रल सोडियम फ्लोराइडचं जेल मिळत असताना रिस्क कशाला घ्यायची?

ब्रेसेसवाल्यांनो, तुम्हीही ऐका. तुमची निकेल-टायटॅनियमची तार फ्लोराइडमुळे हायड्रोजन शोषून ठिसूळ होऊ शकते. माउथवॉश घेण्याआधी डॉक्टरांना विचारा.

निघताना डॉक्टरांनी माझ्या फाइलवर लाल पेनाने लिहिलं, 'इम्प्लांट. एपीएफ नको.' मी लगेच मोबाइलवर त्याचा फोटो काढून ठेवला. पुढच्या वेळी खुर्चीशेजारी कोण उभं असेल, काय सांगावं!