विश्लेषण : टायर फुटला तर दोष कुणाचा?

वर्तकनगरमधल्या अनेक सोसायट्यांत गाडी आठवडाभर जागेवरच असते. कामावर जायला लोकल, बाजारहाटाला रिक्षा. गाडी निघते ती शिर्डीला, नाहीतर गावाला. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा 5 जून 2025 रोजी खुला झाला आणि ठाणेकरांना भिवंडी तालुक्यातूनच 120 च्या वेगमर्यादेचा रस्ता मिळाला. वर्षानुवर्षे उन्हात उभा असलेला टायर एकदम या वेगाला लागतो. तो फुटला की आपण म्हणतो, नशीब!

न्यायालयाला हे नशीब मान्य नाही.

उच्च न्यायालय काय म्हणाले?

पुण्याहून मुंबईकडे येणाऱ्या मोटारीचा मागचा टायर 25 ऑक्टोबर 2010 रोजी फुटला. गाडी दरीत कोसळली आणि 38 वर्षांच्या प्रवाशाचा मृत्यू झाला. न्यायाधिकरणाने कुटुंबाला सुमारे सव्वा कोटीची भरपाई दिली. टायर फुटणे ही ‘देवाची करणी’ आहे, असे म्हणत न्यू इंडिया अ‍ॅश्युरन्स कंपनी अपिलात गेली. मुंबई उच्च न्यायालयाने फेब्रुवारी 2023 मध्ये ते फेटाळले. देवाची करणी म्हणजे माणसाच्या हाताबाहेरची नैसर्गिक घटना. टायर फुटण्यामागे वेग, कमी-जास्त हवा, जुना टायर, तापमान अशी कारणे असतात आणि निघण्यापूर्वी टायर पाहणे हे चालक-मालकाचे काम आहे, असे न्यायालयाने म्हटले.

मृताच्या कुटुंबासाठी हा मोठा आधार आहे. गाडीमालकासाठी मात्र हा इशारा आहे.

नक्षी शाबूत, तरी धोका का?

केंद्रीय मोटार वाहन नियमांतला नियम 94 नक्षीची खोली बघतो. मोटारीला किमान 1.6 मिलिमीटर, दुचाकीला 0.8. टायरच्या वयाबद्दल हा नियम काही सांगत नाही. समृद्धीच्या प्रवेशद्वारांवर परिवहन विभागाने 2023 मध्ये तपासणी करून गुळगुळीत टायरच्या गाड्या परत पाठवल्या, ते योग्यच झाले. पण कमी धावलेल्या गाडीचा आठ वर्षांचा टायर या तपासणीतून सहज सुटतो. रबर उष्णतेने आणि हवेतल्या ऑक्सिजनने कडक होते, बाजूला बारीक तडे जातात, आतले थर सुटू लागतात. डिकीतली स्टेपनीही अशीच म्हातारी होते, ती तर कुणी बघतही नाही.

टायरच्या बाजूवर चार आकडे असतात. 2319 म्हणजे 2019 सालचा 23 वा आठवडा. पाच वर्षांनंतर दरवर्षी तपासणी आणि दहा वर्षांनी टायर बाद, असा मिशेलिनसारख्या कंपनीचा सल्ला आहे. ब्रिटनने बस-ट्रकच्या पुढच्या चाकांना दहा वर्षांहून जुने टायर लावण्यावर 1 फेब्रुवारी 2021 पासून बंदीच घातली. आपल्याकडेही निदान प्रवासी बससाठी वयाची अट हवी.

टायरच सदोष निघाला तर?

दोष कारखान्याचाही असतो. अमेरिकेत फायरस्टोनला ऑगस्ट 2000 मध्ये 65 लाख टायर परत बोलवावे लागले, कारण धावताना त्यांची नक्षीची पट्टी सुटत होती. आपल्या 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात सदोष वस्तूमुळे झालेल्या हानीबद्दल उत्पादकाकडून भरपाई मागता येते. उत्पादक कोण हेच कळत नसेल, तर विक्रेता अडकतो. टायर सिन्नरजवळ फुटला तरी वर्तकनगरच्या रहिवाशाला ठाण्याच्या जिल्हा आयोगात तक्रार करता येते. मुदत दोन वर्षे. 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही.

गाडे अडते ते पुराव्यावर. हवा कमी होती, माल जास्त होता, खड्ड्यात आदळला, हा कंपन्यांचा ठरलेला बचाव. तो खोडायचा तर आयोग टायरचा नमुना सील करून प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो. पण आपण फुटलेला टायर पंक्चरवाल्याकडेच टाकून येतो! उलटही घडते. 1 जुलै 2023 रोजी बुलढाण्यात समृद्धीवर बस पेटून 25 जण गेले. चालकाने टायर फुटल्याचे सांगितले, परिवहन अधिकाऱ्यांच्या अहवालात त्याचा पुरावा आढळला नाही.

म्हणून फुटलेला टायर, त्याचे तुकडे, रिमसकट फोटो आणि बिल जपून ठेवा. कंपनी तपासणीसाठी टायर मागत असेल तर लेखी पोच घेतल्याशिवाय देऊ नका. नवा घेताना आयएसआय चिन्ह बघा आणि चार आकडे बिलावर लिहून घ्या, दुकानदार कुरकुर करेल तरी. विम्याचा फार भरवसा नको. सर्वसाधारण पॉलिसीत नुसता टायर फुटला तर काही मिळत नाही, गाडीचेही नुकसान झाले तरच टायरच्या किमतीच्या निम्मी रक्कम मिळते.