उरलेल्या भाजीचा मालक कोण?

बाजारातला ओला कचरा ही केवळ सफाई खात्याची डोकेदुखी मानली, तर तो डम्परमधून फिरतच राहणार. तो कोणाच्या तरी मालकीचा माल ठरला तरच त्याची वाट बदलेल.

वसईच्या माणसाला उरलेल्या मालाचे काय करायचे, हे कोणी शिकवावे लागले नाही. राजेळी केळी उदंड आली की इथल्या वाडीवाल्यांनी ती सोलून उन्हात वाळवली आणि आगाशीच्या सुकेळीचे नाव दूरवर नेले. अर्नाळा-पाचूबंदरच्या कोळणींनी जास्तीचा बोंबील बांबूंवर टांगला आणि पावसाळ्याची बेगमी केली. भाजीचा पाला गोठ्यात जाई, गोठ्यातले शेण वाडीत आणि वाडीतली भाजी पुन्हा बाजारात. ‘चक्रीय अर्थव्यवस्था’ हा शब्द सरकारी अहवालांत येण्याच्या कितीतरी आधी हे चक्र या तालुक्यात फिरत होते. ते मोडले ते वाडी आणि बाजार एकमेकांना अनोळखी झाले तेव्हा.

ही ताटातूट पाहायची तर चिंचोटीसारखी जागा नाही. मुंबई-अहमदाबाद महामार्गावरून कामण-भिवंडीकडे रस्ता फुटतो तो इथे. पूर्वेला तुंगारेश्वरचे डोंगर आणि आदिवासी पाडे, पश्चिमेला नायगाव-वसईची दाट वस्ती, आजूबाजूला गोदामे, कारखाने, चाळी. पावसाळ्यात डोंगरातल्या बाया कंटोली, शेवळी, टाकळा घेऊन रस्त्याकडेला बसतात. त्याच रस्त्याने परजिल्ह्यांतला आणि गुजरातेतला माल ट्रकांतून येतो. म्हणजे एका टोकाला पाटीभर रानभाजी आणि दुसऱ्या टोकाला टनावारी टोमॅटो. अशा पट्ट्यात बाजार आराखड्यावर ठरत नाहीत. गर्दी जिथे थांबते तिथे ते भरतात. त्यामुळे विक्रेत्याला ओटा, पाणी, सावली आणि उरलेला माल ठेवायला जागा देण्याची जबाबदारी कोणालाच आपली वाटत नाही.

बाजार उठल्यावर मागे काय राहते? फ्लॉवर आणि कोबीची वरची पाने, मुळ्याचा पाला, मक्याची साले, दबलेले टोमॅटो, पिवळी पडलेली मेथी, शहाळ्यांच्या कवट्या, उसाची चिपाडे, हारवाल्याची कोमेजलेली फुले. यातले बरेचसे सायंकाळपर्यंत खाण्याजोगे असते आणि जवळजवळ सगळेच कुजणारे. दहा-बारा तासांत ते सफाई कामगाराच्या झाडूखाली प्लास्टिकच्या पिशव्या, थर्माकोल आणि गुटख्याच्या पुड्यांत मिसळते. तेवढ्यात माल संपतो आणि कचरा सुरू होतो. पुढचा प्रवास शहराच्या कचराभूमीकडे. वसई-विरारसाठी ती गोखिवऱ्याच्या भोयदापाड्याला आहे. तिथे लागणाऱ्या आगी आणि धुराने कोंडणारी वस्ती यांच्या बातम्या या तालुक्याला पाठ झाल्या आहेत. ढिगाऱ्याच्या पोटात हवा न मिळता ओला कचरा कुजला की मिथेन तयार होतो. शंभर वर्षांच्या हिशेबात तो कार्बन डायऑक्साइडच्या सत्तावीस-अठ्ठावीस पट उष्णता धरून ठेवतो आणि ढिगाऱ्यातल्या आगीला इंधनही पुरवतो.

इथे एक आक्षेप आधीच विचारात घ्यायला हवा. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या २०२४ च्या अहवालानुसार २०२२ मध्ये जगात १०५ कोटी टन अन्न वाया गेले. त्यातले ६० टक्के घरांत, २८ टक्के उपाहारगृहे आणि खानपान सेवांत, तर किरकोळ विक्रीत केवळ १२ टक्के. मग घरे सोडून बाजारावरच बोट का? कारण सोपे आहे. घरांतला कचरा लाखो स्वयंपाकघरांत विखुरलेला असतो. बाजारातला रोज, ठरावीक वेळी, एकाच जागी आणि बऱ्यापैकी निर्भेळ मिळतो. जिथे काम सर्वांत सोपे तिथेही जमत नसेल, तर घराघरांत जमेल ही आशा भाबडी ठरेल.

शिवाय बाजारात पोचण्याआधीच बरेच वाया गेलेले असते. ‘नाबार्ड’च्या सल्लागार कंपनीने केंद्रीय अन्नप्रक्रिया मंत्रालयासाठी २०२२ मध्ये केलेल्या पाहणीत काढणीपश्चात नुकसान फळांत सुमारे ६ ते १५ टक्के आणि भाज्यांत सुमारे ५ ते साडेअकरा टक्के आढळले. टोमॅटो आणि पेरू ही त्यातली नाजूक प्रजा. आता हे आकडे डोक्यात ठेवून महामार्गाकडे पाहा. २०२४ मध्ये या रस्त्याचे काँक्रिटीकरण सुरू असताना वाहनांच्या रांगा तासन्‌तास हलत नव्हत्या. चिंचोटी-कामण-अंजूरफाटा रस्त्याच्या खड्ड्यांबद्दल तर नव्याने सांगण्यासारखे काही उरलेले नाही. उन्हात अडकलेल्या टेम्पोतली पालेभाजी नाक्यावर पोचते तेव्हाच तिचे निम्मे आयुष्य सरलेले असते. तेव्हा अन्ननासाडीचा पहिला उपाय कंपोस्टच्या खड्ड्यात शोधू नये. तो खड्डे बुजवण्यात आहे.

दुसरा उपाय साठवणीचा. विटा आणि ओल्या वाळूचा, विजेशिवाय चालणारा शीतकक्ष दिल्लीच्या पुसा संस्थेने फार पूर्वी विकसित केला. कोरड्या हवेत तो उत्तम चालतो, पण वसईच्या दमट हवेत, त्यातही पावसाळ्यात, पाण्याचे बाष्पीभवनच मंदावते. इथे चार-पाच टन क्षमतेची छोटी सामाईक शीतखोली अधिक उपयोगी पडेल. विक्रेत्यांनी क्रेटमागे चार पैसे देऊन उरलेला माल रात्री तिथे ठेवावा आणि सकाळी घ्यावा. तिसरा उपाय विक्रेत्यांना आधीच ठाऊक आहे. संध्याकाळी उतरत्या मालाचे वाटे लावून स्वस्तात विकणे. खानावळी, कारखान्यांची उपाहारगृहे, अंगणवाडीचा आहार शिजवणारे बचत गट यांची संध्याकाळची सामाईक खरेदी या वाट्यांशी जोडली, तर खाण्याजोगे अन्न पोटातच जाईल. शिल्लक अन्न गोळा करून वाटण्यासाठी अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१९ मध्ये नियमही केले आहेत. मात्र दान म्हणून वाटायचे ते चांगले अन्नच असले पाहिजे. सडके बाजूला काढून गरिबाच्या पानात वाढणे ही कसली व्यवस्था?

एवढे करूनही पाला, साल, देठ उरणारच. आणि इथेच आपल्या नगरपालिकांची यंत्रप्रीती उफाळून येते. कचऱ्याचा प्रश्न म्हणजे निविदा, निविदा म्हणजे यंत्र आणि यंत्र म्हणजे फीत कापणे. पुढे ते यंत्र का बंद पडते, याचा पंचनामा कोणी करत नाही. खरे तर कारणे साधी असतात. भाजीपाल्यात पाणीच फार, तो झटकन आंबतो. बायोगॅसच्या टाकीत एकदम जास्त घातला तर आतले मिश्रण आम्ल होऊन गॅस थांबतो. जुड्यांची रबरे, तारा आणि पिशव्या आत गेल्या की पंप अडकतात. कंपोस्टच्या ढिगात सुका पाला नाही मिसळला तर दुर्गंधी सुटते, शेजारी तक्रार करतात आणि प्रकल्पाला टाळे लागते. या सगळ्यावरचा इलाज तंत्रज्ञाकडे कमी आणि बाजारात रोज बसणाऱ्या माणसाकडे जास्त आहे. जुडीचे रबर तिथल्या तिथे काढायचे की नाही, हे ती भाजीवालीच ठरवते.

तंत्र उपलब्ध आहे, याबद्दल शंका नको. भाभा अणुसंशोधन केंद्रातील शरद काळे यांनी विकसित केलेले ‘निसर्गऋण’ बायोगॅस तंत्र आहे. पुण्याच्या ‘आरती’ संस्थेत आनंद कर्वे यांनी शेणाऐवजी खरकट्यावर चालणारे छोटे संयंत्र बनवले आणि २००६ मध्ये त्याला ॲशडेन पुरस्कार मिळाला. हैदराबादच्या बोवेनपल्ली भाजी बाजारात रोजच्या दहा टनांच्या आसपास कचऱ्यातून सुमारे ५०० युनिट वीज आणि बाजाराच्या उपाहारगृहापुरता गॅस मिळतो. पंतप्रधानांनी जानेवारी २०२१ च्या ‘मन की बात’मध्ये त्याचा उल्लेख केला. तिथला धडा विजेच्या युनिटांपुरता नाही. कचरा, संयंत्र आणि वीज-गॅसचा ग्राहक हे तिघे एकाच आवारात आहेत, हे त्यातले खरे शहाणपण.

आणि माणसे? तीही महाराष्ट्रातच सापडतात. पुण्यात बाबा आढाव यांच्या पुढाकाराने १९९३ मध्ये कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली. कचरा वेचणे हे काम आहे आणि कचऱ्यावर वेचकांचा हक्क आहे, हे तिने व्यवस्थेला मान्य करायला लावले. त्यातूनच वेचकांची स्वतःची ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था जन्मली. मुंबईत ज्योती म्हापसेकर यांच्या स्त्री मुक्ती संघटनेने कचरावेचक महिलांना कंपोस्ट आणि बायोगॅस संयंत्रे चालवण्याचे प्रशिक्षण दिले. काल उकिरड्यावर हिणवल्या गेलेल्या बाया आज संयंत्राचा दाब आणि आम्लता तपासतात. वेंगुर्ल्याच्या छोट्या नगरपरिषदेने रामदास कोकरे मुख्याधिकारी असताना कचऱ्याचे काटेकोर वर्गीकरण करून कचराभूमीचे उद्यान केले. या तिन्ही ठिकाणी यंत्राच्या आधी माणसांची मोट बांधली गेली होती.

कायद्याचीही आडकाठी नाही. घनकचरा व्यवस्थापन नियम, २०१६ यांनी भाजी, फळे, फुले, मासळी यांच्या बाजारातला कचरा रोज उचलण्याची आणि बाजारात किंवा जवळच कंपोस्ट अथवा बायोगॅस प्रकल्पांना उत्तेजन देण्याची जबाबदारी स्थानिक संस्थांवर टाकली. पथविक्रेता कायदा, २०१४ नुसार नगर पथविक्रेता समितीत किमान ४० टक्के सदस्य विक्रेत्यांनी निवडलेले आणि त्यांत एक तृतीयांश महिला असायला हव्यात. बाजाराच्या कचऱ्याचा निर्णय ज्या मंचावर व्हायला हवा, तो असा कायद्याने दिलेला आहे. पण वसई-विरारच्या सभागृहाची मुदत २०२० मध्ये संपली आणि पुढे वर्षानुवर्षे कारभार प्रशासकाच्या हाती राहिला. नगरसेवकच नसताना भाजीवालीचे कोण ऐकणार होते?

चिंचोटी-कामण पट्ट्यात यासाठी फार मोठे काही करावे लागणार नाही. एक बाजार निवडावा. विक्रेते, परिसरातील महिला बचत गट आणि शेतकरी यांची एक सहकारी संस्था करावी. कचरा उचलण्याचे काम आणि उचललेल्या ओल्या कचऱ्याची मालकी, दोन्ही तिला द्यावे. स्वच्छ पाला आधी जवळच्या तबेल्यांना, त्याखालोखाल बायोगॅसला आणि उरलेला कंपोस्टला, हा क्रम ठरवावा. मासळीचा कचरा वेगळा ठेवावा, त्याचे खत वेगळे होते. शहाळी-चिपाडे कापून सुकी भर म्हणून वापरावीत. खताला गिऱ्हाईक आधी शोधावे आणि ढीग नंतर लावावा. ते गिऱ्हाईक महामार्गापलीकडे निर्मळ-आगाशीच्या वाड्यांत आणि अलीकडे डोंगरपायथ्याच्या शेतांत आहे. शहरी खतात काचा आणि प्लास्टिक निघते म्हणून शेतकरी ते नाकारतात, आणि त्यांचे चूक नाही. बाजारातल्या निवडलेल्या पाल्याचे खत, खत नियंत्रण आदेशाच्या निकषांवर तपासून दिले, तर राज्याच्या ‘हरित महासिटी कंपोस्ट’ या नाममुद्रेलाही काही अर्थ येईल.

महापालिकेने यात जागा, पाणी, वीज आणि एक रास्त दर द्यावा. हा दर ठरवण्यात खरी मेख आहे. गोखिवऱ्याला एक टन कचरा उचलून नेण्यासाठी आणि तिथे हाताळण्यासाठी जो खर्च येतो, तेवढा तो न नेणाऱ्या संस्थेला का मिळू नये? आज वाहतुकीचे बिल जिथे वजनावर निघते तिथे कचरा घटणे हा ठेकेदाराचा तोटा असतो. वजन वाढवण्याला पैसे आणि घटवण्याला टाळ्या, अशा व्यवहारात टाळ्यांचाच पराभव होणार. सुका आणि ओला वेगळा देणाऱ्या विक्रेत्याला बाजार फीत सवलत द्यावी. दंडाची पावती मात्र शेवटी. भांडवलापायी सावकाराच्या दारात उभ्या राहणाऱ्या बाईच्या पाटीतली मेथी पिवळी पडते तेव्हा तिचा दंड आधीच वसूल झालेला असतो.

‘लोकसहभाग’ या शब्दाआड आणखी एक चलाखी चालते, तिच्याकडेही दुर्लक्ष नको. लोकांनी फुकट राबावे आणि प्रशासनाने पुरस्कार घ्यावा, याला सहभाग म्हणत नाहीत. ज्यांच्या हाती काम असेल त्यांच्या हाती हिशेब आणि उत्पन्नही असले पाहिजे. संस्थेने दर महिन्याला बाजारातच फलक लावावा. किती माल विकला गेला, किती वाटला, किती गोठ्यात गेला, किती खत झाले आणि कचराभूमीकडे किती गेला. शेवटचा आकडा वर्षभरात घसरला नाही, तर योजना बदलावी. नवीन यंत्र मात्र मागवू नये.

याच तालुक्याने १९८० च्या दशकाअखेर फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या नेतृत्वाखाली ‘हरित वसई’चा लढा उभारला. वाड्यांतले पाणी टँकरवाले उपसत होते आणि बांधकामांचा रेटा गावे गिळत होता. त्यात शेतकरी, कोळी, आगरी, आदिवासी एकत्र आले. तेव्हा जमीन आणि पाणी वाचवायचे होते. त्या जमिनीला आज सेंद्रिय खत हवे आहे आणि शहराला ओल्या कचऱ्याची वाट लावायला जागा नाही. दोन्ही गरजा पंधरा-वीस किलोमीटरच्या आत आहेत आणि त्यांची गाठ घालायला परदेशी सल्लागार लागत नाही. लागतो तो महापालिकेचा एक ठराव. बाजारातल्या ओल्या कचऱ्याची मालकी बाजारातल्या माणसांकडे आणि तो न वाहिल्याबद्दल वाचलेला पैसाही त्यांच्याकडे. महापालिकेच्या पुढच्या अर्थसंकल्पात या एका ओळीसाठी तरतूद दिसली, तर वसई-विरार याबाबत गंभीर आहे असे म्हणता येईल. नव्या डम्परांसाठीच तरतूद दिसली, तर तेही उत्तरच असेल.