पूल कोसळतो, धडा कोठे जातो?

नागपूरच्या कळमना भागात १९ ऑक्टोबर २०२१ च्या रात्री, बांधकाम चालू असलेल्या पारडी उड्डाणपुलाचा दोन खांबांमधला भाग खाली कोसळला. सुदैवाने प्राणहानी झाली नाही. वृत्तपत्रांतून छायाचित्रे आली, चौकशीची घोषणा झाली, यथावकाश काम पुन्हा मार्गी लागले आणि प्रकरण लोकांच्या विस्मरणात गेले. ‘सुदैवाने’ हा शब्द आपल्याकडे अशा वेळी पूर्णविरामासारखा वापरला जातो. माणसे दगावली तर आक्रोश होतो, विधिमंडळात प्रश्न विचारले जातात. माणसे वाचली तर प्रश्नही मिटला असे समजले जाते. वस्तुतः कोणाचाही बळी न घेता कोसळलेला पूल हा समाजाला मिळू शकणारा सर्वांत स्वस्त धडा होय. त्याची किंमत सिमेंट, पोलाद, वेळ आणि पैसा यांच्या रूपाने चुकती झालेलीच असते. एवढी किंमत मोजून घेतलेला हा धडा समाजाच्या हाती खरोखर पडतो काय, हा प्रश्न आहे.

पोलाद गंजते, काँक्रीटला तडे जातात, पुलाच्या पायाखालची माती नदी पुराच्या वेळी खरवडून नेते. पदार्थ आपल्या धर्माप्रमाणेच वागत असतो, त्यात नवल काही नाही. म्हणून ‘साहित्य निकृष्ट होते’ किंवा ‘बांधकाम जुने झाले होते’ एवढे सांगून कारणमीमांसा पुरी होत नाही. ती तेथून सुरू व्हावयास हवी. त्या बांधकामाची अवस्था कोणाला ठाऊक होती, केव्हापासून ठाऊक होती आणि ठाऊक असूनही काय केले गेले, या तीन प्रश्नांची उत्तरे मिळाल्यावाचून दुर्घटनेचे कारण कळले असे म्हणता येत नाही.

महाराष्ट्रातील काही घटना या दृष्टीने पाहण्यासारख्या आहेत. महाडजवळ सावित्री नदीवरील १९२८ साली बांधलेला दगडी कमानींचा पूल २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री पुरात कोसळला आणि दोन एसटी बसगाड्या प्रवाशांसह वाहून गेल्या. त्याच वर्षी मे महिन्यात पाहणी होऊन हा पूल वाहतुकीस योग्य असल्याचा निर्वाळा देण्यात आला होता. मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसजवळचा पादचारी पूल १४ मार्च २०१९ रोजी संध्याकाळच्या गर्दीत कोसळून ७ जण मृत्युमुखी पडले. तोही पूल तपासणीत, किरकोळ दुरुस्ती करून वापरण्यास योग्य ठरला होता. रत्नागिरी जिल्ह्यातील तिवरे धरण २ जुलै २०१९ च्या रात्री फुटून सुमारे वीस माणसे प्राणास मुकली. धरणाला गळती लागल्याची तक्रार ग्रामस्थांनी आधीच केलेली होती, आणि धरण फुटल्यावर तत्कालीन जलसंधारणमंत्र्यांनी दोष दिला तो खेकड्यांना! तीन ठिकाणी साहित्य वेगळे, रचना वेगळी, खाते वेगळे. समान होती ती एकच गोष्ट. दोन ठिकाणी कागद ‘ठीक आहे’ असे सांगत होता, तर तिसऱ्या ठिकाणी ‘ठीक नाही’ असे सांगणाऱ्यांचे कोणी ऐकले नाही.

सावित्रीवर नवा पूल विक्रमी वेगाने उभा राहिला आणि जून २०१७ मध्ये वाहतुकीस खुलाही झाला. ही कार्यक्षमता प्रशंसनीयच होय. परंतु मे महिन्यात योग्य ठरलेला पूल ऑगस्टमध्ये का पडला, त्या पाहणीत काय पाहिले गेले व काय सुटले, याचे ज्ञान त्याच तत्परतेने राज्यातील इतर जुन्या पुलांपर्यंत पोचले काय? पूल पुन्हा बांधता येतो. तपासणीची पद्धत तीच राहिली तर दुसऱ्या नदीवर तोच प्रसंग पुन्हा ओढवतो.

१९२८ मध्येच अमेरिकेत ओहायो नदीवर पोलादी पट्ट्यांच्या साखळीवर टांगलेला ‘सिल्व्हर ब्रिज’ खुला झाला होता. १५ डिसेंबर १९६७ रोजी तो कोसळून ४६ जण मरण पावले. तपासात असे निष्पन्न झाले, की साखळीतील एका पट्टीच्या भोकाशी सुमारे अडीच मिलिमीटर खोलीची चीर पडलेली होती. पुलाचे भाग सुटे केल्याखेरीज ती दिसणेही शक्य नव्हते. एवढ्याशा चिरेचा शोध लागला आणि तो जाहीर झाला. १९६८ च्या कायद्याने देशभर पूल-तपासणीची सक्ती आली, १९७१ मध्ये तिचे राष्ट्रीय निकष ठरले आणि तशाच रचनेचा दुसरा पूल पाडून टाकण्यात आला. त्यानंतर अमेरिकेत पूल पडलेच नाहीत असे नव्हे. २००७ मध्ये मिनियापोलिस येथे एक पूल कोसळून १३ जण दगावले. पण तेव्हाही तुळयांचे सांधे जोडणारे पत्रे मुळात अपुऱ्या जाडीचे होते, हे तपासणी अहवालातून साऱ्या जगाला कळले. आपल्याकडे १२ जुलै १९६१ रोजी पानशेत फुटले. पूर्ण न झालेल्या त्या धरणात पाणी साठवण्यात आले होते आणि धरणाच्या पोटातून जाणाऱ्या नळाच्या बांधकामात सळयांचे काँक्रीट न वापरता साध्या काँक्रीटचे ठोकळे वापरले गेले होते. या दुर्घटनेची न्यायालयीन चौकशी झाली. मात्र देशव्यापी धरण सुरक्षा कायदा संमत होण्यास २०२१ साल उजाडले.

असे का व्हावे? यात केवळ नीतिमत्तेचा प्रश्न पाहणे पुरेसे नाही, हिताहिताचा हिशेबही मांडला पाहिजे. अपयशाचे ज्ञान ही अशी वस्तू आहे, की एकाने वापरल्याने ती दुसऱ्यासाठी उणी होत नाही. उलट जितके लोक वापरतील तितका तिचा लाभ वाढतो. पण ज्यांच्याजवळ हे ज्ञान प्रथम येते, त्यांना ते प्रकट करण्यात तोटाच तोटा दिसतो. कंत्राटदाराची पत जाते, सल्लागाराचे पुढचे काम जाते, अधिकाऱ्यावर ठपका येतो आणि मंत्र्याला उत्तरे द्यावी लागतात. प्रकट करण्याचा लाभ मात्र अनोळखी लाखो लोकांत वाटला जातो, आणि आपण कोणत्या अपघातातून वाचलो हे त्यांना कधी कळतही नाही. तोटा मोजक्यांना आणि लाभ सर्वांना, असा व्यवहार कोणीही आपण होऊन करीत नाही. तो कायद्यानेच करवून घ्यावा लागतो.

नागपुरातीलच सक्करदऱ्याचा बुधवार बाजार या दृष्टीने बोलका आहे. तेथील भाजीविक्रेत्याला आपली वजने ठरावीक मुदतीने वैधमापन खात्याकडे नेऊन तपासून घ्यावी लागतात आणि त्यांवर शिक्का मारून घ्यावा लागतो. किलोभर वांग्यांत पन्नास ग्रॅमचा फरक पडू नये, म्हणून शासनाने ही व्यवस्था केली आहे, आणि ती योग्यच आहे. त्याच सक्करदरा चौकात उड्डाणपूल आहे. रोज शाळेत जाणारी शिक्षिका, कचेरी गाठणारा कारकून आणि महाविद्यालयात जाणारा विद्यार्थी त्याच्या वरून अथवा खालून ये-जा करतात. हा पूल शेवटचा केव्हा तपासला गेला, कोणी तपासला आणि काय आढळले, हे त्यांना कोणत्या शिक्क्यावरून कळावे? वांग्याच्या वजनाची खात्री ग्राहकाला मिळते, पण डोक्यावरच्या शेकडो टनांची मिळत नाही.

अहवाल जाहीर केल्याने लोकांत घबराट पसरेल आणि अभियंते निर्णय घेण्यास कचरतील, असा आक्षेप घेतला जातो. तो अगदीच निराधार नाही. परंतु त्यावरचा उपाय याच देशात आधीपासून रूढ आहे. रेल्वे अपघातांची चौकशी करणारे रेल्वे सुरक्षा आयुक्त रेल्वे बोर्डाच्या हाताखाली नाहीत, ते नागरी विमान वाहतूक मंत्रालयाच्या अखत्यारीत येतात. ज्याची चूक असण्याचा संभव त्यानेच चौकशी करू नये, हे त्यामागचे तत्त्व होय. विमान अपघातांच्या तपासाचा हेतूही दोष देण्याचा नसतो. तशी घटना पुन्हा घडू नये, हा असतो, आणि त्याचे अहवाल प्रसिद्ध होतात. शिक्षेचे काम न्यायालयाकडे आणि कारण शोधण्याचे काम स्वतंत्र यंत्रणेकडे अशी विभागणी केली, तर अभियंत्याला सत्य सांगण्याची भीती उरत नाही. रस्त्यांवरील पुलांसाठी मात्र अशी स्वतंत्र, कायमस्वरूपी यंत्रणा नाही. पूल ज्यांचा, समितीही बहुधा त्यांचीच.

राष्ट्रीय महामार्ग केंद्राकडे असले, तरी राज्याचे सार्वजनिक बांधकाम खाते, महानगरपालिका आणि जिल्हा परिषदा यांच्या ताब्यातील पुलांची संख्या थोडी नाही. त्यांच्यापुरता कायदा करण्यास राज्याला कोणाची वाट पाहावी लागत नाही. त्यात तीन तरतुदी असल्या तरी पुरे. चौकशी बांधणाऱ्या खात्याबाहेरच्या यंत्रणेने करावी. जीवितहानी झालेली असो वा नसो, अहवाल ठरावीक मुदतीत मराठीत प्रसिद्ध व्हावा. आणि प्रत्येक पुलावर शेवटच्या तपासणीची तारीख व निष्कर्ष ठळकपणे लावलेला असावा. नागपुरात १९६० साली सुरू झालेले अभियांत्रिकी महाविद्यालय, आजचे व्हीएनआयटी, आहे. कळमन्याला नेमके काय निकामी झाले, बेअरिंग, केबल की सांधा, याचा अभ्यास तेथील विद्यार्थ्याने पाठ्यपुस्तकाइतक्याच सहजतेने करावा, ही अपेक्षा अवाजवी नाही.

राज्य विधिमंडळाचे हिवाळी अधिवेशन नागपुरात भरते. अनुशेष, सिंचन आणि कापूस यांवर तेथे चर्चा होते, आणि ती झालीच पाहिजे. या विषयाला त्यांतला एक दिवस मिळाला, तर खर्च काहीच नाही. पुढच्या पुलाखाली माणसे असतील की नसतील, हे आज कोणालाच सांगता येणार नाही. म्हणूनच कोणी मेले नाही त्या दुर्घटनेची चौकशी सर्वांत कसून झाली पाहिजे.