मोजणी: राजाची आणि मेंढपाळाची

जागतिक आरोग्य संघटनेने 5 मे 2023 रोजी कोरोनाची जागतिक आणीबाणी संपल्याचे घोषित केले आणि आपण सारे त्या काळाकडे पाठ फिरवून मोकळे झालो. गेलेल्यांसाठी मिस्सा अर्पण झाल्या, उरलेले कामाला लागले. परंतु त्या काळात राज्यशासनाने प्रजेला कोणत्या मापाने मोजले, याचा हिशेब कोणी फारसा मागितला नाही. पुढची साथ आली की तेच माप पुन्हा बाहेर काढले जाईल. म्हणून तो हिशेब आजच मागणे आम्हांस अगत्याचे वाटते.

महाराष्ट्र शासनाने 4 जून 2021 च्या आदेशाने टाळेबंदी शिथिल करण्यासाठी पाच स्तर ठरविले. स्तर ठरविणारे आकडे दोनच. एक, चाचण्यांमध्ये बाधित निघालेल्यांचे आठवड्याचे प्रमाण. दुसरा, प्राणवायूच्या एकूण खाटांपैकी भरलेल्या खाटांचे प्रमाण. बाधित 5 टक्क्यांहून कमी आणि भरलेल्या खाटा 25 टक्क्यांहून कमी असतील तर पहिला स्तर, म्हणजे व्यवहार पूर्ववत. बाधित 20 टक्क्यांवर किंवा खाटा 75 टक्क्यांवर गेल्या तर पाचवा, म्हणजे जवळजवळ सारे बंद. गुरुवारी आकडे घोषित व्हावयाचे आणि सोमवारपासून त्यांचा अंमल सुरू व्हावयाचा.

या योजनेस श्रेय द्यावयास हवे ते आम्ही देतो. 24 मार्च 2020 च्या रात्री आठ वाजता घोषणा झाली आणि चार तासांत सारा देश कुलुपबंद झाला, त्याच्या तुलनेत ही रीत कितीतरी समंजस होती. नियम आधी सांगितला होता, कारण दिले होते. आकड्यांना विरोध करणाऱ्यांपैकी आम्ही नव्हे. प्रश्न इतकाच की, मोजणी कोणासाठी होती?

पवित्र शास्त्रात मोजणीचे दोन प्रसंग आहेत. दावीद राजाने योआबाकरवी लोकांची गणती करविली. नऊ महिने वीस दिवसांनी आकडा हाती आला: इस्राएलात तलवार धरणारे आठ लाख, यहूदात पाच लाख. त्या गणतीत विधवा नव्हती, मूल नव्हते, आजारी नव्हता. राजाच्या कामी येणारे तेवढेच मोजले गेले. गणतीनंतर राजाला आपला अपराध कळला आणि पाठोपाठ महामारी आली, तेव्हा शिक्षा प्रजेवर नको, आपल्यावर येवो, अशी त्याने याचना केली. दुसरा प्रसंग लूकच्या शुभवर्तमानातील मेंढपाळाचा. त्यानेही मोजणी केली. नव्याण्णव भरली, म्हणूनच एक हरवल्याचे त्याला समजले. राजा आपले बळ जाणण्यासाठी मोजतो. मेंढपाळ हरवलेल्याला शोधण्यासाठी मोजतो. शासनाची मोजणी यांपैकी कोणत्या जातीची होती, हे पाहू.

बाधितांचे प्रमाण घ्या. शंभर जणांची चाचणी केली, बारा बाधित निघाले, म्हणजे 12 टक्के. आणखी शंभर धडधाकट माणसे रांगेत उभी केली आणि त्यांतील कोणीच बाधित निघाले नाही, की प्रमाण 6 टक्क्यांवर येते. एकही रोगी बरा झालेला नसतो. गाव मात्र चौथ्या स्तरावरून तिसऱ्यावर येते. उलटपक्षी, अहवाल आला तर चौदा दिवसांची मजुरी बुडेल या धास्तीने तापाने फणफणलेला मजूर घरीच पडून राहतो. त्याचा ताप कोणत्याच टक्क्यात उतरत नाही.

खाटांचेही तेच. चाळीस गंभीर रुग्ण असलेली दोन गावे कल्पा. एकात दोनशे खाटा, दुसऱ्यात पन्नास. पहिले 20 टक्क्यांवर निश्चिंत, दुसरे 80 टक्क्यांवर पाचव्या स्तरात. खाटा कमी तेथे अधिक सावधगिरी हवी, हे आम्ही अमान्य करीत नाही. परंतु रुग्णालय बांधले नाही कोणी? आणि दुकान बंद झाले कोणाचे? आदेशाच्या तक्त्यात दुकानदाराने काय करावे, वऱ्हाड्यांची संख्या किती असावी, हे सारे होते. त्या बंद आठवड्यात शासनाने किती खाटा वाढवाव्यात, कोणाच्या घरी शिधा पोहोचवावा, हे सांगणारा रकाना मात्र नव्हता. सर्व कर्तव्ये प्रजेची आणि मोजपट्टी तेवढी शासनाची!

एप्रिल 2021 मध्ये 5,476 कोटी रुपयांचे साहाय्य घोषित झाले होते, याची आठवण कोणी करून देईल. त्यात मोफत धान्य होते, परवानाधारक रिक्षाचालक, नोंदणीकृत फेरीवाले, बांधकाम मजूर आणि घरकामगार यांना दीड हजार रुपये होते. ते स्वागतार्हच. परंतु 'परवानाधारक' आणि 'नोंदणीकृत' हे शब्द पुन्हा वाचा. ज्याचे नाव वहीत नव्हते, त्याला भूकही नव्हती काय?

2 ऑगस्ट 2021 रोजी निर्बंध सैल झाले, तेव्हा तिसऱ्या स्तरावर ठेवलेल्या 11 जिल्ह्यांत आमचा पालघर होता. वसईचा गजबजलेला किनारा आणि जव्हार-मोखाड्याचे डोंगरातले पाडे यांचा एकच जिल्हा, एकच स्तर! सरासरी ही गणितात सोयीची असते. माणूस सरासरीत राहत नाही.

सर्वांत निष्ठुर हिशेब लोकलगाडीचा. 15 ऑगस्ट 2021 पासून, दुसऱ्या मात्रेनंतर चौदा दिवस झालेल्यांना गाडीत प्रवेश मिळाला. वाचावयास किती रास्त! पण तारखा मांडून पाहा. राज्याने 18 ते 44 वयोगटाचे लसीकरण मे महिन्यात तुटवड्यापायी थांबविले होते. 21 जूनपासून लागू झालेल्या केंद्राच्या नव्या धोरणाने सर्व प्रौढांना मोफत लस खुली झाली. त्याच दिवशी एखाद्या तरुणाने कोव्हिशील्ड टोचून घेतली असे धरले, तरी बारा आठवड्यांचे अंतर 13 सप्टेंबरला पुरे होते आणि पुढचे चौदा दिवस 27 सप्टेंबरला. मे महिन्याच्या आरंभी खासगी रुग्णालयात पैसे मोजून लस घेतलेला मात्र 15 ऑगस्टलाच गाडीत बसू शकत होता. दादरला फुलांचे हारे पोहोचविणाऱ्या, विरारहून चर्चगेटला हमालीस जाणाऱ्या तरुणाचा अपराध कोणता? नियम मोडण्याचा नव्हे. नियम पाळणे त्याला अशक्य होते.

आता आपल्या घरचे बोलू. मद्यालये 5 ऑक्टोबर 2020 ला उघडली, मग चर्च का नाही, असा गिल्ला आपल्यातही झाला. त्याच महिन्यात प्रार्थनास्थळांवरून राज्यपाल आणि मुख्यमंत्री यांच्यात पत्रयुद्ध पेटले. त्या ईर्ष्येत आम्ही कधीच सामील नव्हतो. 27 मार्च 2020 च्या संध्याकाळी पावसात भिजणाऱ्या रिकाम्या चौकात परमगुरू फ्रान्सिस एकटे प्रार्थना करीत होते. शेजाऱ्याच्या जिवासाठी दार लावून घेणे हीही उपासनाच असते. आमची तक्रार निराळी आहे. दुसऱ्या बंदीत प्रार्थनास्थळे कोणत्या आकड्याला उघडतील, हे शासनाने एकदाही सांगितले नाही. ती 7 ऑक्टोबर 2021 रोजी, घटस्थापनेच्या मुहूर्तावर उघडली. आकड्यांवर चालणाऱ्या शासनाने अखेरीस पंचांग पाहिले! आणि मापही स्थिर राहिले नाही: पहिल्या स्तरावर पोहोचलेल्या जिल्ह्यांना 25 जूनच्या आदेशाने तिसऱ्यावर आणून बसविले. नव्या विषाणूची भीती खरी असेलही; पण मग निर्णय माणसाने घेतला असे म्हणावे, आकड्याने घेतला असे म्हणू नये.

तरीही केवळ आपल्या दाराची काळजी करणाऱ्या समाजाला शासनाला शिकविण्याचा अधिकार नाही. चर्च उघडण्यासाठी जितका आवाज उठला, तितका लोकलगाडीबाहेर राहिलेल्यांसाठी उठला नाही, तितका दीड वर्ष शाळेविना राहिलेल्या पोरांसाठी उठला नाही.

म्हणून आमचे मागणे तीन गोष्टींचे. आकडा सांगताना तो कितीजणांतून आणि कोणांतून काढला हेही सांगावे. जे जे बंद कराल ते केव्हा उघडेल, हे बंद करतानाच लिहावे. आणि प्रजेवर घातलेल्या प्रत्येक निर्बंधासमोर शासनाचे एक कर्तव्य नोंदवावे. प्रत्येक धर्मग्रामाच्या दप्तरी कुटुंबांची नोंदवही असते. ती वर्गणीसाठी उघडली तर ती दाविदाची गणती होते. कोणाचे रेशन बंद आहे, कोणाचे पोर शाळा सोडून कामाला गेले, कोणाला लस मिळाली नाही, हे पाहण्यासाठी उघडली तर मेंढपाळाची. शासनाकडे बोट दाखविण्यापूर्वी ती वही उघडावी. नव्याण्णव भरली म्हणून समाधान मानणारा हिशेब ख्रिस्ताच्या अनुयायाला चालत नाही.