घर कुणाच्या नावावर आहे, ते आधी विचारा

सोलापुरात बायकोला मारहाण झाली की गल्लीतलं ठरलेलं वाक्य येतं, ‘त्यांच्या घरचं मॅटर आहे बे, आपण कशाला पडायचं?’ हे वाक्य मला आता ऐकवत नाही.

आपल्याकडे हजारो बायका घरात बसून बिड्या वळतात. मांडीवर सूप, त्यात पान-तंबाखू आणि हजाराचा हिशेब. त्यांचं घर हाच त्यांचा कारखाना. कारखान्यात कुणी कामगाराच्या थोबाडीत मारली तर आपण लाल बावटा घेऊन गेटवर जाऊ. तेच घरात नवऱ्यानं केलं की ‘घरचं मॅटर’. हा कुठला न्याय?

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण (२०१९-२१) काय सांगतं ते बघा. महाराष्ट्रात लग्न झालेल्या १८ ते ४९ वयाच्या बायकांपैकी साधारण २५ टक्क्यांनी नवऱ्याकडून हिंसा सोसली आहे. चारात एक! देशभरात हिंसा सोसलेल्यांपैकी ७७ टक्के बायकांनी ना मदत मागितली, ना कुणाला सांगितलं. आणि व्हॉट्सॲपवर ओरड काय, तर ‘बायका खोट्या केसेस करतात’. अहो, इथे खरं सोसणाऱ्याच तोंड उघडत नाहीत!

दुसरं पालुपद दारूचं. दारूनं मारहाण वाढते, मान्य. पण तोच दारुडा मालकावर हात उचलत नाही, बायकोवर उचलतो. कारण ही कुठे जाणार, हे त्याला पक्कं माहीत असतं.

म्हणून प्रश्न घराचा आहे. केरळात प्रदीप पांडा आणि बीना अग्रवाल यांनी २००५ साली अभ्यास मांडला. ज्यांच्या नावावर घर-जमीन काहीच नव्हतं, त्यांच्यातल्या ४९ टक्के बायकांनी मार खाल्ला होता. नावावर घर असलेल्यांत हे प्रमाण १० टक्के, आणि घर-जमीन दोन्ही असलेल्यांत ७. शिक्षण, उत्पन्न हे सगळं धरूनही फरक टिकला.

आपल्या कुंभारीत बिडी कामगार बायकांची १० हजार घरं २००६ मध्ये उभी राहिली. जानेवारी २०२४ मध्ये रे नगरच्या ३० हजारांपैकी १५ हजार घरांच्या चाव्या वाटल्या. पंतप्रधान आवासचा नियमच आहे, घर बाईच्या नावावर किंवा दोघांच्या. मग माझी मागणी साधी आहे: तिचं नाव नुसतं कागदावर नको. ‘सही कर गं’ म्हणून ते घर कुणी फिरवून घेत नाही ना, हे संघटनांनी आणि नगरसेवकांनी बघावं.

ज्यांच्या नावावर घर नाही, त्यांनाही २००५ च्या कायद्यानं राहत्या घरात राहायचा हक्क दिलाय. कोर्ट नवऱ्याला घराबाहेर काढू शकतं. पहिल्या तारखेपासून ६० दिवसांत निकालाचा प्रयत्न व्हावा, असंही त्यात लिहिलंय. वकील विधी सेवा प्राधिकरणाकडून फुकट मिळतो. पण संरक्षण अधिकारी कोण, कुठे बसतात, हे किती जणींना ठाऊक आहे? त्यांचं नाव आणि नंबर प्रत्येक रेशन दुकानात, बिडी कारखान्यात लावा. खर्च एका फ्लेक्सचा. वाढदिवसाचे किती लावतो आपण!

आणि ‘पोरांसाठी सहन कर’ म्हणणाऱ्या आज्यांनो, मावश्यांनो, त्याच सर्वेक्षणात दिसतं की बापानं आईला मारलेलं बघितलेल्या मुलींच्या वाट्याला पुढे मार जास्त येतो. पोरांसाठीच सहन करू नका.

शेजारी आवाज आला तर दार वाजवा. १८१ किंवा ११२ लावा. मॅटर आपलंच आहे.