‘ढ’ कोण ठरवतो?

धनिकाच्या मुलाला वाचता आले नाही, तर त्याला ‘डिस्लेक्सिया’ असतो; शेतमजुराच्या मुलाला आले नाही, तर ते ‘ढ’ ठरते. अडचण एकच, नाव मात्र वर्गानुसार बदलते! अक्षर आणि ध्वनी यांची सांगड घालण्यातील या अडचणीचा बुद्धीशी संबंध नाही, हे विज्ञानाने केव्हाच दाखवून दिले आहे. राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने २०१५ मध्ये मराठीतूनही चाचणी सिद्ध केली. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने अध्ययन-अक्षमतेला मान्यता दिली. मग अडते कोठे? परीक्षेतील जादा वेळ, लेखनिक या सवलती प्रमाणपत्रावर मिळतात. आणि प्रमाणपत्रासाठी शहरातील रुग्णालयाच्या खेपा घालायच्या, म्हणजे तितक्या दिवसांच्या मजुरीवर पाणी सोडायचे. हक्क अशा रीतीने ऐपतवाल्यांची मिरास बनतो. त्यातच शिक्षणहक्क कायद्यातील २०१९ च्या दुरुस्तीने पाचवी-आठवीत नापास करण्याची वाट राज्यांना मोकळी करून दिली. ज्याची अडचण कोणी ओळखलीच नाही, त्या मुलाला नापास करणे म्हणजे शासनाने आपला गुन्हा बालकाच्या माथी मारणे होय. चाचणी जिल्हा परिषदेच्या शाळेच्या दारी आली पाहिजे, विशेष शिक्षक कायम नेमणुकीने मिळाला पाहिजे. ही मागणी गावोगाव लावून धरणे, हे समाजवादी कार्यकर्त्याचे कर्तव्य आहे.